न ऐकू आलेली दाद

समीक्षकाचा आवाज ऐकत लोकांना छान झोप लागते, ही स्तुती आहे हे मान्य करायला त्याला बरेच दिवस लागले. रविवारच्या पुरवणीत तो चित्रांवर लिहायचा तेव्हा लोक चिडायचे, फोन करायचे, एकदा तर एका शिल्पकाराने जिन्यात गाठून त्याची कॉलर धरली होती. पण कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नव्हतं. लागली असेल, तर ते सांगण्यासाठी उठण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. मग पुरवणी बंद झाली. संपादकाने त्याला बसवून, चहा मागवून, फार सभ्य शब्दांत सांगितलं, की तुमचं सदर ज्यांच्यावर असतं तेवढेच ते वाचतात, आणि तेही स्वतःचं नाव येईपर्यंत.

त्याला पुन्हा कामाला लावलं ते भाचीने. जाहिरातींचे आवाज साफसूफ करून देणं हा तिचा व्यवसाय.

"मामा, तू लिहितोस ते कुणी वाचत नाही, हे झालं. पण जेवताना तू बोलतोस ते आम्हाला उठून जाता येत नाही म्हणून ऐकावंच लागतं ना? तेच लोकांना ऐकवू या."

"लोकांना उठून जाता येतं."

"म्हणून तर ते कानात घालून द्यायचं. कानातलं काढायचा लोकांना कंटाळा असतो."

असा 'चित्र ऐका' नावाचा पॉडकास्ट सुरू झाला. प्रस्तावना तो भाचीच्या कपड्यांच्या कपाटात बसून बोलायचा, कारण टांगलेल्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. एका खांद्यावर तिचा लोकरी कोट, दुसऱ्या खांद्यावर मैत्रिणीच्या लग्नात घातलेला घेरदार घागरा, आणि मध्ये अमूर्त चित्रकलेवर बोलणारा समीक्षक. पुढचा भाग तो प्रदर्शनात फिरत, कॉलरला छोटासा माइक लावून बोलायचा. कार्यक्रमाच्या आधी गादीची जाहिरात असायची. झोपेची तक्रार करायला त्याला फारशी जागा उरली नव्हती.

बोलून समीक्षा करायची तर कशी, याचा मात्र त्याने गंभीरपणे विचार केला होता. त्याचं म्हणणं असं, की लिहिलेल्या समीक्षेत चित्र शेजारी छापता येतं, बोललेल्या समीक्षेत चित्र नसतंच. तेव्हा आधी सांगायचं आणि मग थांबायचं. थांबण्याच्या त्या जागेत ऐकणारा स्वतःचं चित्र बघतो. सगळी कला थांबण्यात आहे. कुठं थांबायचं, किती थांबायचं, हे त्याने गवयासारखं घोटलं होतं. दोन-तीन महाविद्यालयांत त्याने यावर व्याख्यानंही दिली होती, आणि तिथं तो इतका सुरेख थांबायचा की एकदा आभार मानणारा माणूस घाईने उठून उभा राहिला होता.

फक्त स्वतःचा कार्यक्रम त्याने कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला भाचीने एकदा ऐकवला, तेव्हा आपला आवाज त्याला शेजारच्या घरातल्या भांडकुदळ माणसासारखा वाटला. तेव्हापासून तो म्हणायचा, न्हावी स्वतःचे केस कापत नाही. ही म्हण आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती, पण विषय संपायचा. मध्ये एकदा बँकेत रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी त्याचा आवाज ओळखला आणि कौतुकाने विचारलं, "सर, तुम्ही श्वास कधी घेता हो?" त्याने ते ओघवत्या शैलीचं कौतुक समजून मान लववली. शहाण्या माणसाचं असंच होतं. धोक्याची घंटा वाजली तरी त्याला वाटतं, आपल्यासाठीच वाजवताहेत.

आता बोक्याबद्दल. बोका म्हणजे चित्रकार, समीक्षकाचा कला महाविद्यालयातला मित्र. वर्गात खिडकीशी बसून तासन्‌तास न बोलता बाहेर बघत राहायचा म्हणून तो बोका, आणि सतत बोलायचा म्हणून समीक्षक पोपट. तेव्हा पोपटही चित्रं काढायचा. दोघांनी एक नियम केला होता. एकमेकांचं चित्र चांगलं झालं असेल तर त्यापुढे गप्प उभं राहायचं. वाईट असेल तर बोलायचं, आणि जितकं वाईट तितकं जास्त. 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द पाहुण्यांसाठी. आपल्यात गप्प राहणं हीच दाद. शेवटच्या वर्षी पोपटाने एक मोठं चित्र पुरं केलं आणि बोक्याला दाखवलं. त्या दिवशी बोका, ज्याला बसचा नंबरसुद्धा दोनदा विचारावा लागायचा, तो पोपटाच्या दारापर्यंत बोलत आला. पोपटाने ब्रश धुतले, कपाटावर ठेवले आणि समीक्षक झाला.

पुढे बोक्याच्या प्रत्येक प्रदर्शनावर समीक्षकाने लिहिलं. मन लावून, भरभरून, विशेषणांची कंजुषी न करता. दर वेळी लेख आला की बोक्याचा फोन यायचा. "पुन्हा बोललास," एवढंच म्हणून तो ठेवायचा. त्यात राग नसायचा. समीक्षकाला मात्र दिवसभर जेवण गोड लागायचं नाही, कारण ते खरं असायचं. चित्रं चांगली होती. पण पाय जमिनीला खिळावेत अशी नव्हती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

वहिनी, म्हणजे बोक्याची बायको, गेल्यानंतर त्याने काही काळ ब्रशला हात लावला नाही. मग पुन्हा लावला, आणि जाहीर केलं की हे प्रदर्शन शेवटचं. डोळे म्हणतात आता पुरे. गुडघ्यांमुळे त्याला दालनाचा जिना चढवत नव्हता, तेव्हा तो स्वतः तिथं असणार नव्हता. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"पोपट, शेवटच्या खोलीत एक आहे. कॅटलॉगमध्ये नाही, उशिरा झालं. अजून पुरतं वाळलेलंही नाही."

"बरं."

"मला त्याचं काही कळत नाही. एकदा वाटतं झालंय, एकदा वाटतं काहीच नाही. तू बघ."

इतक्या वर्षांत बोक्याने त्याला 'तू बघ' असं कधी म्हटलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दालनात गेला. दारावर फोटो काढू नयेत अशी पाटी होती आणि ती पाटी खरी आहे असं मानणारा एक रखवालदार होता. समीक्षकाची स्वतःचीही फोटोला हरकत होती. फोटो काढला की माणूस बघितल्याच्या समाधानात बघायचा थांबतो, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. त्याने माइक कॉलरला लावला आणि पहिल्या खोलीपासून बोलायला लागला. बोलत राहिला. खिडक्यांची चित्रं, छत्र्यांची चित्रं, बाजारातल्या तराजूंची चित्रं. सगळी जाणत्या हाताची. शब्द आपोआप येत होते, आणि शब्द येताहेत याचंच त्याला वाईट वाटत होतं.

शेवटच्या खोलीत एकच चित्र होतं. एक भिंत. भिंतीला लागून वर्षानुवर्षं उभं असलेलं कपाट हलवलं की मागे जो चौकोन उरतो, तो. बाकीची भिंत धुराने, उन्हाने, हातांनी मळलेली, आणि मधोमध तो उभा चौकोन, पहिल्या दिवशी लावला असेल तसा निळा. समीक्षकाने ती भिंत ओळखली. त्या घरात तो शेकडो वेळा गेला होता. ते कपाट वहिनींचं होतं.

"आणि हे शेवटचं," तो म्हणाला, आणि पुढे शब्द आला नाही.

तो उभा राहिला. वर पंखा घरघरत होता. शेजारच्या खोलीत रखवालदार एकदा खोकला. आपला श्वास आपल्याला ऐकू येतोय हे समीक्षकाच्या लक्षात आलं, आणि त्याबरोबर लक्षात आलं, की आपण गप्प आहोत. बोक्याच्या चित्रापुढे, आयुष्यात पहिल्यांदा. 

आणि मग त्याला कॉलरवरच्या माइकची आठवण झाली. हे सगळं त्यात जातंय. बोका ऐकेल, त्याला एका क्षणात कळेल, त्याला एकट्यालाच कळेल. बाकी जगाला वाटेल मशीन बिघडलं. आपल्या हातून झालेली सर्वांत मोठी समीक्षा, आणि तिच्यात एकही शब्द नाही. थांबण्याबद्दल एवढी व्याख्यानं दिली, पण असं थांबणं. त्याने ठरवलं, घाई करायची नाही. ही शांतता भरपूर राहू द्यायची. तो आणखी बराच वेळ उभा राहिला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "चला."

रेकॉर्डिंग त्याने भाचीला देऊन टाकलं. शेवट सांभाळ, असं सांगावं हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण 'माझी शांतता जपून ठेव' असं माणूस आपल्या भाचीला कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय ज्याचं काम त्याला करू द्यावं, असा त्याचा बाणा होता. फोन करून बोक्याला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. सांगितलं की ते बोलणं झालं.

कार्यक्रम लोकांपर्यंत गेला. गादीवाले खूश होते. समीक्षक बोक्याच्या फोनची वाट बघू लागला. या वेळी तो काय म्हणेल? बहुधा काहीच नाही. फोन करेल आणि गप्प राहील. समीक्षक आंघोळीला जाताना फोन मोरीच्या दाराशी ठेवायचा. कुणीतरी कर्ज देऊ करायचं, कुणीतरी कुरियर घेऊन खाली उभं असायचं; बोका नसायचा. प्रदर्शन संपलं, चित्रं उतरली असतील, तरी नाही. शेवटी मानापमान बाजूला ठेवून तो बोक्याच्या घरी गेला.

बोका गॅलरीत स्टुलावर बसला होता. समोर घोडीवर एक कोरा कॅनव्हास, नुकताच पांढरा हात दिलेला. त्याने मान वळवून समीक्षकाकडे पाहिलं.

"ये. बोलायला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून इकडं फिरकलास ना?"

"फोन केला नाहीस."

"काय करायचा?"

"कार्यक्रम ऐकला नाहीस का?"

"ऐकला की. दोनदा." बोका ब्रश पाण्यात खळबळत राहिला. "छत्र्यांवर छान बोललास. छत्र्या वाईटच होत्या."

"आणि शेवटचं?"

"शेवटचं काय. 'आणि हे शेवटचं, चला.'"

समीक्षक हसला. "आणि मधलं?"

"मधलं काय?"

"बोक्या, मी गप्प होतो."

"कधी?"

बोक्याने फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि कार्यक्रमाचा शेवट लावला. समीक्षकाने किती तरी वर्षांनी स्वतःला ऐकलं. एक माणूस धाप न लागता, स्वल्पविराम न घेता, शेअर बाजाराच्या बातम्या दिल्यासारखा चित्रांवर बोलत होता. तराजू, पारडी, प्रकाश, करुणा, सगळं एका माळेत. एक वाक्य दुसऱ्याच्या टाचेवर पाय देत होतं. मग तो माणूस म्हणाला, "आणि हे शेवटचं चला," आणि लगेच गादीवाले आले.

समीक्षकाने तिथूनच भाचीला फोन लावला आणि मधलं कुठं गेलं ते विचारलं.

"मामा, ते शांततेचं गाळते मी. बटण आहे त्याला, आपोआप होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अरे, तू मध्ये मध्ये थांबतोस ना, लोक पळतात तेव्हा. आकड्यांत दिसतं मला. शेवटी तर तू इतका वेळ गप्प होतास, मला वाटलं तुला काही सुचेना. म्हटलं, मामाची लाज राखू."

"मूळचं आहे का?"

"मूळचं मी ठेवत नाही रे. जागा किती खातं ते." मग तिचा आवाज उतरला. "मामा? काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

"नाही," समीक्षक म्हणाला. "त्यात काहीच नव्हतं."

त्याने फोन खिशात ठेवला आणि झालेला प्रकार बोक्याला सांगितला. पंखा, रखवालदाराचा खोकला, सगळं. बोक्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचा चेहरा ज्या माणसाला दुसऱ्याचं पत्र चुकून आलंय त्याच्यासारखा झाला होता.

"म्हणजे ते झालं होतं," तो म्हणाला.

"झालं होतं. कुठंय ते? मला पुन्हा बघू दे."

बोक्याने घोडीकडे हनुवटी केली. समीक्षकाने पांढऱ्या कॅनव्हासकडे पाहिलं, मग बोक्याकडे, मग पुन्हा कॅनव्हासकडे.

"कापड चांगलं होतं," बोका म्हणाला. "शेवटचं प्रदर्शन म्हणालो होतो, पण हाताला सवय आहे. तू बोलला असतास ना, तरी ठेवलं असतं. वाईट तर वाईट, तिच्या खोलीचं आहे म्हणून. गप्प राहिला असतास तर ठेवलंच असतं. पण 'चला' म्हणालास. म्हटलं, चला."

"फोटो?"

"मी कशाला काढू. तुझाच नियम."

 मग समीक्षकाने घसा साफ केला. त्याच्याकडे बोलणं ही एकच गोष्ट होती, आणि ती त्या चित्रासाठी वापरायची म्हणजे नियम मोडणं होतं. पण नियम पाळून जे व्हायचं ते समोर घोडीवर उभं होतं.

"मी सांगतो," तो म्हणाला. "तू डोळे मिट."

"पुन्हा बोलणार?"

"मिट रे."

बोक्याने चष्मा काढून डोळे मिटले. समीक्षक सांगू लागला. आधी भिंतीचा मळका रंग, चहाच्या जुन्या कपाच्या आतल्या बाजूसारखा. वरच्या कोपऱ्यात जाळ्याची राखाडी रेघ. मग निळ्याची कड, जी सरळ नव्हती. कपाट मध्ये कधी तरी बोटभर सरकलं असावं, म्हणून एका बाजूला फिकट दुसरी कड. उजवीकडे खिळा.

"डावीकडे," डोळे मिटलेला बोका म्हणाला.

"डावीकडे खिळा. त्याची सावली खाली जाते, पण निळ्यात शिरत नाही. निळं वरती गडद आहे आणि खाली येताना..." तो थांबत होता, बोलत होता, पुन्हा थांबत होता.  इतकं चांगलं तो आयुष्यात बोलला नव्हता, आणि हे त्याला कळत होतं, आणि कळल्याची त्याला लाजही वाटत होती. बोक्याच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. तो बघत होता.

"आणि खाली?" बोक्याने विचारलं.

"खाली फरशा. करड्या."

"फरशांवर?"

समीक्षकाने तोंड उघडलं. त्याने दालनातली ती खोली आठवली, पंखा आठवला, श्वास आठवला, माइकची आठवण झाली तो क्षण अगदी स्पष्ट आठवला. त्यानंतर आपण काय काय विचार केले ते शब्दन्‌शब्द आठवलं. डोळे तेव्हा कुठं होते ते आठवेना. चित्राच्या खालच्या भागापर्यंत ते पोचले होते का, हेच आठवेना. चित्र बघून तो गप्प झाला होता हे खरं. मग गप्प राहिला होता तो स्वतःला ऐकत.

वेळ गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"आता गप्प बसलास," बोका म्हणाला आणि त्याने डोळे उघडले. "हे ऐकू आलं."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि चहा ठेवायला आत गेला. समीक्षक हात धुवायच्या निमित्ताने आतल्या खोलीत शिरला. भिंत होती. निळा चौकोनही होता, चित्रातल्यापेक्षा किती तरी साधा. खिळा डावीकडे. त्याने खाली वाकून फरशांवर पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, पलंग जरा सरकवून पाहिलं. धूळ होती.

"सापडलं काही?" बोक्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"तिथं नव्हतंच ते. ते मी घातलं होतं."

काय घातलं होतं, हे समीक्षकाने विचारलं नाही. विचारण्याचा हक्क फक्त त्या माणसाला होता, ज्याने ते बघितलं होतं. बोक्याने दोन कप आणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवले, आणि दोघं पुन्हा त्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर बसले. बोक्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "कसा झालाय?"

चहा वाईट झाला होता. समीक्षक त्याबद्दल बराच वेळ बोलला.